सिंकथिंग: फोनमधले फोटो थेट लॅपटॉपवर, मधे क्लाउड नको

फोनवर ‘स्टोरेज फुल’ अशी सूचना आली की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. फोटो उडवतात, नाहीतर क्लाउडचा महिन्याचा प्लॅन घेतात. गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. तेव्हापासून जीमेल, ड्राइव्ह आणि नवे फोटो हे सगळं मिळून १५ जीबीत बसवायचं असतं, आणि दोन वर्षं जुन्या फोनचा कॅमेरा फोल्डर एकटाच त्याच्या पुढे गेलेला असतो.

आता जरा हिशोब करू. समजा तुमच्याकडे ४० जीबी फोटो-व्हिडिओ आहेत आणि रोजचा १.५ जीबीचा डेटा पॅक आहे. सगळा पॅक फक्त त्यासाठीच वापरला, तरी ते क्लाउडवर चढायला सव्वीस-सत्तावीस दिवस लागतील. पण फोन आणि लॅपटॉप तर एकाच खोलीत, एकाच वायफायवर आहेत. तिथे सेकंदाला १० एमबी इतका साधा वेग मिळाला, तरी तेच ४० जीबी तासा-सव्वातासात जातात, आणि डेटा पॅकमधून ते वजाही होत नाहीत. हे काम स्वतःहून, रोज, न सांगता करत राहणारं ॲप म्हणजे सिंकथिंग. मी ते फोन, लॅपटॉप आणि एक जुना फोन अशा तीन ठिकाणी चालवतो. ते कसं बसवायचं आणि मुख्य म्हणजे कुठे जपायचं, ते या लेखात सांगतो.

पीअर टू पीअर म्हणजे नेमकं काय?

पीअर म्हणजे बरोबरीचा. नेहमीच्या ॲपमध्ये एक सर्व्हर असतो आणि आपण सगळे त्याची गिऱ्हाइकं. शेजारच्या टेबलावरच्या मित्राला फोटो पाठवला तरी तो आधी कुठल्यातरी डेटा सेंटरला जातो आणि मग त्याच्याकडे येतो. पीअर टू पीअरमध्ये दोन्ही यंत्रं एकमेकांशी थेट बोलतात; दोन्ही देतात, दोन्ही घेतात. शेजारच्या काकूंकडे भाजीची वाटी नेऊन द्यायची, तसं. त्यासाठी कोणी कुरिअर बोलवत नाही.

टॉरेंटमुळे हा शब्द बऱ्याच जणांच्या कानावर आलेला असतो, आणि त्यामुळे पीअर टू पीअर म्हणजे काहीतरी चोरीचं असाही समज असतो. तसं काही नाही. ही फक्त माहिती नेण्याची पद्धत आहे. सिंकथिंगमध्ये तर तुमची फाइल तुम्ही स्वतः जोडलेल्या यंत्रांखेरीज कोणाकडेच जात नाही. हे ॲप २०१३ मध्ये सुरू झालं, ते मोफत आणि ओपन सोर्स आहे, आणि त्यात खातं उघडायचं नसतं. ईमेल नाही, ओटीपी नाही.

मग दोन यंत्रं एकमेकांना ओळखतात कशी? पहिल्यांदा सुरू झाल्यावर प्रत्येक यंत्र स्वतःचं एक प्रमाणपत्र तयार करतं आणि त्यावरून एक लांबलचक डिव्हाइस आयडी बनतो. सात-सात अक्षरांचे आठ गट, असं त्याचं रूप. हा आयडी गुपित ठेवायची गरज नाही. नुसता आयडी कळला म्हणून कोणी तुमच्या फाइलींपर्यंत पोहोचत नाही, कारण जोडणी व्हायला दोन्ही बाजूंनी एकमेकांचा आयडी मान्य करावा लागतो. त्यानंतरचं सगळं बोलणं एन्क्रिप्ट होऊन चालतं.

लॅपटॉपपासून सुरुवात करा

सिंकथिंगच्या संकेतस्थळावर विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींसाठी डाउनलोड आहे. विंडोजवर मूळ प्रोग्रॅम झिप फाइलमध्ये येतो. ती उघडून आतली फाइल चालवली की एक काळी खिडकी येते आणि त्यात अक्षरं पळायला लागतात. घाबरून ती बंद करू नका. खिडकी बंद केली की सिंकथिंगही बंद. रोज हा खटाटोप नको असेल तर त्याच संकेतस्थळावर विंडोजचा इन्स्टॉलर आणि ट्रेमध्ये बसणारी ॲप्स यांची यादी आहे. त्यातलं एखादं घेतलं की लॅपटॉप चालू होताच सिंकथिंग आपोआप सुरू होतं. उबुंटूवर ते नेहमीच्या सॉफ्टवेअर भांडारात मिळतं.

सुरू झालं की ब्राउझरमध्ये १२७.०.०.१:८३८४ या पत्त्यावर त्याचं पान उघडतं (टाइप करताना आकडे इंग्रजी हवेत). इथे अनेक जण गोंधळतात: हे पान इंटरनेटवर आहे का? नाही. १२७.०.०.१ म्हणजे ‘हेच यंत्र’. तुमच्या लॅपटॉपने तुमच्याच लॅपटॉपला मारलेली हाक. कोलननंतरचा ८३८४ हा पोर्ट, म्हणजे त्या घरातल्या कुठल्या दारावर टकटक करायची ते. नेट बंद असलं तरी हे पान उघडतं. तिथे पासवर्ड ठेवायची सूचना येईल, तो ठेवून टाका. हॉस्टेलमध्ये लॅपटॉप चार जण वापरत असतील तर नक्कीच.

याच वेळी विंडोज फायरवॉल परवानगी मागेल. घरच्या वायफायला ‘प्रायव्हेट नेटवर्क’ ठरवून परवानगी द्या. ‘फोन दिसतच नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा इथे घाईत दाबलेलं ‘कॅन्सल’ असतं.

फोनवर कुठलं ॲप?

इथे जुने लेख आणि व्हिडिओ तुम्हाला चुकीच्या दिशेला नेतील. अँड्रॉइडचं मूळ अधिकृत ॲप डिसेंबर २०२४ च्या शेवटच्या आवृत्तीनंतर थांबलं. गूगल प्लेवर ते टिकवणं अवघड झालं होतं आणि सक्रिय देखभालही उरली नव्हती. आता वापरायचं ते ‘सिंकथिंग-फोर्क’, आणि ते मी एफ-ड्रॉइडवरून घ्यायला सांगेन. नाव सारखं दिसतं म्हणून कुठल्यातरी साइटवरून एपीके उचलू नका. या ॲपला तुम्ही सगळ्या फाइलींची परवानगी देणार आहात, तेव्हा ते कुठून आलं याला महत्त्व आहे.

परवानगीशिवाय मात्र चालणारही नाही. अँड्रॉइड ११ पासून ‘ऑल फाइल्स ॲक्सेस’ वेगळा द्यावा लागतो. दुसरी गोष्ट बॅटरीची. आपल्याकडच्या बऱ्याच फोनमध्ये मागे चालणारी ॲप्स झपाट्याने मारली जातात, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन सिंकथिंगचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा, आणि ‘ऑटोस्टार्ट’ असा पर्याय असेल तर तो चालू करा. बॅटरी उतरेल अशी भीती वाटत असेल तर ॲपच्या ‘रन कंडिशन्स’मध्ये ‘फक्त चार्जिंगवर’ आणि ‘फक्त वायफायवर’ या अटी लावा. रात्री फोन चार्जरला लागला की काम होतं. माझ्या फोनवर हेच आहे.

आयफोनवाल्यांना थोडं निराश करतो. मोबियस सिंकसारखी ॲप्स आहेत, पण आयओएस कुठल्याही ॲपला मागे सतत चालू देत नाही, त्यामुळे ॲप उघडून थांबावं लागतं. ‘विसरून जा, ते आपलं आपण होईल’ ही मजा तिथे नाही.

जोडणी

लॅपटॉपच्या पानावर ‘ॲक्शन्स’मध्ये ‘शो आयडी’ दाबलं की क्यूआर कोड येतो. फोनवर ‘डिव्हाइसेस’मध्ये अधिकचं चिन्ह दाबून तो स्कॅन करा. थोड्या वेळात लॅपटॉपवर विचारणा येते की हे यंत्र जोडू पाहतंय, घ्यायचं का? ‘ॲड डिव्हाइस’ म्हणा, ओळखू येईल असं नाव द्या.

यंत्रं जोडली तरी अजून एकही फाइल हललेली नाही. कुठलं फोल्डर वाटायचं हे वेगळं सांगावं लागतं. फोनवर नवं फोल्डर तयार करताना डीसीआयएममधला ‘कॅमेरा’ निवडा आणि खाली लॅपटॉपच्या नावापुढे खूण करा. लॅपटॉपवर पुन्हा विचारणा येईल, तिथे फोटो कुठे उतरवायचे ती जागा द्या. व्हॉट्सॲपचे फोटो हवे असतील तर नव्या अँड्रॉइडवर ते ‘अँड्रॉइड’ फोल्डरच्या आत ‘मीडिया’मध्ये, व्हॉट्सॲपच्या नावाच्या फोल्डरमध्ये सापडतील. पण तिथे गुड मॉर्निंगचे फुलांचे फोटोही येणार, हे लक्षात ठेवून निवडा.

पहिल्या वेळी बराच वेळ नुसतं ‘स्कॅनिंग’ दिसेल. सिंकथिंग प्रत्येक फाइलचे तुकडे मोजून त्यांची खूण काढून ठेवत असतं. पुढे मोठ्या फाइलमध्ये थोडाच बदल झाला तर फक्त बदललेले तुकडे जातात, ते याच मोजणीमुळे.

खरा धोका: डिलीटसुद्धा सिंक होतं

या लेखातला एकच भाग वाचायचा असेल तर हा वाचा.

माझ्या मावसभावाला मी हे सगळं बसवून दिलं होतं. फोनमधले सगळे फोटो लॅपटॉपवर दिसायला लागल्यावर त्याने सरळ विचार केला: आता लॅपटॉपवर आहेत ना, मग फोनमधून काढून टाकू. कॅमेरा फोल्डर रिकामं केलं आणि ट्रेकला निघून गेला. परत आल्यावर फोन घरच्या वायफायला लागला, आणि काही मिनिटांत लॅपटॉपवरचं फोल्डरही रिकामं. सिंकथिंगने काही बिघडवलं नव्हतं. दोन्हीकडे सारखं ठेव, असं त्याला सांगितलं होतं आणि त्याने ते केलं. मधे सर्व्हर नाही म्हणजे ‘साठ दिवस ट्रॅशमध्ये’ ठेवणारंही कोणी नाही. बॅकअप वेगळा आणि सिंक वेगळा.

त्याचे फोटो परत मिळाले, कारण लॅपटॉपवर मी ‘फाइल व्हर्जनिंग’ चालू ठेवलं होतं. फोल्डरच्या ‘एडिट’मध्ये हा टॅब असतो. त्यातला ‘ट्रॅश कॅन’ प्रकार सगळ्यात सोपा: दुसऱ्या यंत्राकडून ‘ही फाइल काढ’ असा निरोप आला की सिंकथिंग ती नष्ट न करता ‘एसटीव्हर्जन्स’ नावाच्या, टिंबाने सुरू होणाऱ्या फोल्डरमध्ये हलवतं. (एसटी म्हणजे सिंकथिंग, लाल परी नव्हे.) किती दिवसांनी साफ करायचं ते तुम्ही ठरवता, शून्य ठेवलं तर कधीच नाही. ‘स्टॅगर्ड’ हा प्रकार सतत बदलणाऱ्या फाइलींसाठी चांगला आहे. प्रोजेक्ट रिपोर्ट, नोट्स वगैरे. तो अलीकडच्या आवृत्त्या दाट आणि जुन्या विरळ जपतो.

व्हर्जनिंगची एक मेख आहे आणि ती फार जणांना माहीत नसते. ते फक्त दुसरीकडून आलेल्या बदलांना लागू होतं. लॅपटॉपवर व्हर्जनिंग असलं तरी लॅपटॉपवरच बसून तुम्ही स्वतः फाइल उडवली, तर ती एसटीव्हर्जन्समध्ये जात नाही.

म्हणून फोल्डरचा प्रकारही ठरवा. फोनवर ‘सेंड ओन्ली’ आणि लॅपटॉपवर ‘रिसीव्ह ओन्ली’. म्हणजे लॅपटॉपवर धाकट्या भावंडाने काही खोडलं तरी फोनमधल्या मूळ फोटोंना धक्का लागत नाही. पण उलटा प्रवास चालूच राहतो: फोनवर खोडलेलं लॅपटॉपवर खोडलं जातंच, ‘रिसीव्ह ओन्ली’ असलं तरी. आणि या प्रकारांमध्ये दोन बटणं अधूनमधून डोकं वर काढतात. फोनच्या बाजूला ‘ओव्हरराइड चेंजेस’, लॅपटॉपला ‘रिव्हर्ट लोकल चेंजेस’. पहिल्याचा अर्थ ‘माझ्याकडे आहे तेच खरं, बाकीच्यांनी तसं करा’. दुसऱ्याचा अर्थ ‘इथे वेगळं काही झालं असेल ते पुसून टाक’. एसटीव्हर्जन्समधून परत आणलेले फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवले आणि हे दुसरं बटण दाबलं तर ते पुन्हा जातील. परत मिळालेली फाइल नेहमी सिंकच्या बाहेरच्या फोल्डरमध्ये ठेवा.

फोनमध्ये जागा करायची असेल तेव्हाचा माझा क्रम असा: लॅपटॉपवरच्या सिंक फोल्डरमधून जुने महिने उचलून त्यांची प्रत वेगळ्या ‘संग्रह’ फोल्डरमध्ये ठेवायची, तीच बाहेरच्या हार्ड डिस्कवरही न्यायची, दोन-चार फोटो उघडून बघायचे, आणि मगच फोनमधून काढायचे. यात दहा मिनिटं जातात. लग्नाचे, आजीचे फोटो असतात हो त्यात, दहा मिनिटं काही जास्त नाहीत.

फक्त घरातल्या घरात चालवायचं असेल तर

एकाच वायफायवर असताना यंत्रं एकमेकांना स्थानिक हाक मारून शोधतात. तुम्ही बाहेर असाल तर सिंकथिंग दोन मदतनीस वापरतं. एक ‘ग्लोबल डिस्कव्हरी’, जो फक्त ‘हा आयडी सध्या कुठल्या पत्त्यावर आहे’ एवढं सांगतो. दुसरा ‘रिले’, जो थेट रस्ता सापडला नाही तर डेटा पुढे ढकलतो. रिले चालवणाऱ्याला फाइल वाचता येत नाही; कोणता पत्ता कोणाशी आणि किती बोलतोय एवढंच त्याला दिसतं.

हेही नको असेल तर ‘सेटिंग्ज’मधल्या ‘कनेक्शन्स’ टॅबवर जाऊन ग्लोबल डिस्कव्हरी, रिलेइंग आणि नॅट ट्रॅव्हर्सल या तीन खुणा काढा आणि ‘लोकल डिस्कव्हरी’ ठेवा. दोन्ही यंत्रांवर. मग सिंक घरातच राहतो. खात्री करायची असेल तर एक गंमत करून बघा: राउटरला बाहेरून येणारी इंटरनेटची वायर काढा, वायफाय चालू राहू द्या, फोनचा मोबाइल डेटा बंद करा आणि एक फोटो काढा. ब्राउझरमध्ये एकही साइट उघडणार नाही, पण फोटो लॅपटॉपवर येईल. क्लाउड म्हणजे हवेतलं काहीतरी नसून दुसऱ्याचा संगणक असतो, हे मला वर्गात नाही, हे करून बघताना कळलं.

अडलं तर कुठे बघायचं

‘डिसकनेक्टेड’ दिसत असेल तर सगळ्यात आधी दोन्ही यंत्रं जागी आहेत का बघा. बाकीच्या ॲपची सवय असल्याने हे विसरायला होतं. सर्व्हर नाही, म्हणजे लॅपटॉपचं झाकण बंद असताना फोनने पाठवायचं तरी कोणाला? यावर उपाय म्हणजे घरात कायम चालू असणारं तिसरं यंत्र. माझा जुना फोन स्क्रीन फुटलेली असूनही हे काम करतो. फोन त्याला देतो, लॅपटॉप उघडला की तो त्याच्याकडून घेतो.

कॉलेज, हॉस्टेल किंवा कॅफेच्या वायफायवर दोन्ही यंत्रं जागी असूनही भेट होत नाही. तिथे बहुधा राउटरवरच यंत्रांना एकमेकांपासून वेगळं ठेवलेलं असतं. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे, पण आपलं काम अडतं. अशा वेळी फोनचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्यावर जोडा. मात्र आता फोन स्वतः वायफायवर नाही, म्हणून ‘फक्त वायफायवर’ ही अट तात्पुरती सैल करावी लागते. हे करताना रिले बंद असलेलं बरं, नाहीतर थेट भेट झाली नाही तर तो सगळा डेटा तुमच्या पॅकमधून जाईल. जोडणी कशी झाली आहे हे डिव्हाइसच्या माहितीत दिसतं: ‘लॅन’ असेल तर घरातल्या घरात, ‘रिले’ असेल तर बाहेरून फिरून.

वेग कमी वाटला तर दोन्ही यंत्रं ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर आहेत का पाहा. पहिल्या मोठ्या सिंकसाठी लॅपटॉपला राउटरची वायर जोडणं सगळ्यात उत्तम. दोन्ही यंत्रं वायफायवर असली की प्रत्येक तुकडा एकाच हवेतून दोनदा जातो, फोनकडून राउटरकडे आणि राउटरकडून लॅपटॉपकडे.

‘फोल्डर मार्कर मिसिंग’ ही चूक आली तर संशय क्लीनर ॲपवर घ्या. प्रत्येक सिंक फोल्डरमध्ये ‘एसटीफोल्डर’ नावाची, टिंबाने सुरू होणारी खूण असते. ती दिसली नाही तर सिंकथिंग समजतं की डिस्कच काढलेली असावी, आणि सगळं खोडलं गेलं असं न मानता थांबतं. खरं तर तो तुमचाच बचाव आहे. पण ‘रिकामी फोल्डर्स साफ करा’ म्हणणारी ॲप्स नेमकी तीच उडवतात. आधी फोटो जागेवर आहेत ना ते बघा, मग खूण परत तयार करा, आणि क्लीनर ॲप काढून टाका. ते ठेवण्यासारखं तसंही क्वचितच असतं.

एकच फाइल दोन्हीकडे बदलली गेली, तर सिंकथिंग त्यातली एक ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ असं नाव लावून बाजूला ठेवतं. कॅमेऱ्याच्या फोटोंत हे होत नाही, नोट्सच्या फाइलींत होतं. दोन्ही उघडून हवं ते घ्या आणि उरलेली काढा.

मित्राला एकदाच एखादा पिक्चर किंवा सहलीचे फोटो द्यायचे असतील तर एवढा घाट घालू नका. लोकलसेंड किंवा क्विक शेअर पुरेसं आहे. सिंकथिंग रोजच्या, स्वतःच्या यंत्रांसाठी.

आणि फोन विकायचा असेल, किंवा हरवला, तर लॅपटॉपवरच्या यादीतून ते यंत्र ‘रिमूव्ह’ करा. त्या क्षणापासून त्या आयडीला लॅपटॉप दार उघडत नाही. नवा फोन नव्या आयडीने येईल, क्यूआर पुन्हा एकदा स्कॅन करावा लागेल. त्याच्यासाठी लॅपटॉपवर नवं, रिकामं फोल्डर द्या. जुन्या फोनचे फोटो आहेत तिथेच राहू द्या.